दादासाहेब खापर्डे : वऱ्हाडचे होमरूल आणि आयर्लंडचा आरसा

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे हे नाव आज महाराष्ट्रात घेतले, की बहुतेकांना शिर्डी आठवते. साईबाबांच्या सान्निध्यात काढलेले काही महिने आणि त्या महिन्यांची त्यांनी लिहून ठेवलेली इंग्रजी दैनंदिनी, एवढ्या भांडवलावर हे नाव लोकस्मृतीत टिकले आहे. हेच खापर्डे लोकमान्य टिळकांचे वऱ्हाडातील उजवे हात होते, टिळकांच्या सुटकेसाठी आपली चालती वकिली सोडून ते दोन वर्षे इंग्लंडमध्ये जाऊन राहिले होते, रौलट समितीच्या अहवालाविरुद्ध मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव घेऊन उभे राहिले होते, हे सांगितले तर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटते. वाशीम, अकोला, अमरावती या जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांच्याही चेहऱ्यावर उमटते, ही अधिक विचार करण्याजोगी गोष्ट आहे.

एखादा राजकीय पुरुष विस्मृतीत का जातो, या प्रश्नाचे सोपे उत्तर 'काळाचा महिमा' असे देता येते. पण खापर्डे यांच्याच पिढीतील, त्यांच्याच पक्षाची माणसे आपल्या पाठ्यपुस्तकांत आहेत. म्हणून उत्तर अधिक नेमकेपणाने शोधायला हवे. ते शोधताना एका दूरच्या देशाचा, आयर्लंडचा, फार उपयोग होतो असे आम्हांला वाटते. कारण खापर्डे ज्या राजकारणात वाढले त्या राजकारणाने आपले नाव, आपली साधने आणि शेवटी आपले दुर्दैवही आयर्लंडकडून घेतले.

मराठी वाचकाला आयर्लंड हा विषय विसाव्या शतकाच्या आरंभी चांगलाच परिचयाचा होता. त्या काळच्या सुशिक्षित मराठी मनापुढे पारतंत्र्यातून बाहेर पडण्याचे दोन परदेशी नमुने होते. एक इटलीचा आणि दुसरा आयर्लंडचा. १९०७ मध्ये सावरकरांचे मॅझिनीचरित्र पुण्यात प्रसिद्ध झाले आणि लवकरच सरकारने ते जप्त केले. १९०९ मध्ये नरसिंह चिंतामण केळकर यांचा 'आयर्लंडचा इतिहास' आला. दोन वर्षांच्या अंतराने आलेली ही दोन पुस्तके शेजारी ठेवली तर मराठी राजकीय विचाराच्या दोन वाटा दिसतात. इटलीची वाट गुप्त मंडळ्या, शपथा, शस्त्रे आणि क्रांती यांची. आयर्लंडची वाट बरीचशी सभा, वृत्तपत्रे, निवडणुका, पार्लमेंटमधील अडवणूक आणि बहिष्कार यांची. अर्थात आयर्लंडच्या इतिहासातही बाँब होते, फाशी होती. पण केळकरांच्या पिढीला त्यातून प्रामुख्याने पार्नेल दिसला. ऐंशीच्या आसपास सभासद हाताशी धरून ब्रिटिश पार्लमेंटचे कामकाज रोखून धरणारा, मंत्रिमंडळे पाडू शकणारा हा पुढारी आपल्याकडच्या वकीलवर्गाला फार जवळचा वाटला तर नवल नाही.

बहिष्काराचे उदाहरण तर घरोघर पोहोचलेले. आपल्या भाषेत बहिष्कार हा शब्द जुना, जातिपंचायतीच्या व्यवहारातला. पण १९०५ च्या वंगभंगानंतर त्याला जो राजकीय अर्थ आला तो आयर्लंडमार्गे आला. १८८० मध्ये मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याशी कुळांनी आणि शेजाऱ्यांनी सर्व व्यवहार तोडले, आणि त्या गृहस्थाचे आडनाव इंग्रजीत क्रियापद होऊन बसले. टिळकांच्या चतुःसूत्रीत तो बहिष्कार स्वदेशी, स्वराज्य आणि राष्ट्रीय शिक्षण यांच्या शेजारी येऊन बसला. काँग्रेसचा आयर्लंडशी संबंध त्याहूनही थेट होता. १८९४ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेब या आयरिश राष्ट्रवादी पार्लमेंट सभासदाला दिले गेले होते. मात्र आयर्लंडचे दुसरे रूपही भारताने पाहिले. ब्रिटिश नोकरशाहीत आयरिश अधिकारी पुष्कळ होते, आणि १९१९ च्या पंजाबातील दडपशाहीचा कर्ता लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओडवायर हाही टिपरेरीचाच. एकाच बेटाने आपल्याला बंडखोराचा धडा दिला आणि राज्यकर्त्याचा दंडाही दाखवला. हे द्वंद्व लक्षात ठेवूनच पुढचे वाचावे.

खापर्डे यांचा जन्म १८५४ मध्ये वऱ्हाडात झाला. त्यांच्या जन्माच्या आदल्याच वर्षी, मे १८५३ मध्ये, निजामाने आपल्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले होते. ही घटना केवळ पार्श्वभूमी म्हणून सांगायची नाही; वऱ्हाडी राजकारणाचा सगळा विचित्रपणा तिच्यात आहे. प्रदेशावर सत्ता इंग्रजांची, पण सार्वभौमत्व निजामाचे. १९०२ मध्ये कर्झनने निजामाकडून सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताच्या कारभाराला जोडले गेले. तरीही कायद्याच्या भाषेत वऱ्हाड हा 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हता. पुढे १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडच्या मतदारांनी आपले प्रतिनिधी निवडले, तरी त्या निवडलेल्यांना सरकारने 'नेमले' असे कागदोपत्री दाखवावे लागे. कारण परक्या राजाच्या प्रजेला ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात सरळ निवडून कसे येता येईल? आमचे वाशीम त्या काळी 'बासीम' या नावाने काही वर्षे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून अकोल्यात घातला गेला, आणि नवा वाशीम जिल्हा व्हायला १९९८ उजाडावे लागले. ज्या प्रदेशाचे मालक, नकाशे आणि नावे अशी वरच्या वर बदलत गेली, तिथल्या माणसाला 'आपले राज्य' म्हणजे नेमके कोणाचे राज्य, हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. आयर्लंडलाही हाच प्रश्न पडला होता. १८०१ पासून ते संयुक्त राज्याचा भाग होते आणि तरी परके होते.

खापर्डे यांचे शिक्षण अमरावतीला आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८७७ मध्ये ते बी. ए. झाले, १८८४ मध्ये एलएल. बी. काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात मुन्सफ आणि असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरी केली आणि १८९० मध्ये ती सोडून अमरावतीत वकिली मांडली. ती इतकी चालली आणि तिच्या मिळकतीवर घर इतके उघडे राहिले, की त्यांना 'वऱ्हाडचे नवाब' म्हटले जाई. संस्कृतचा व्यासंग, वेदान्ताची ओढ, इंग्रजीवर प्रभुत्व आणि विनोदाने सभा जिंकणारे वक्तृत्व, असा हा दुर्मीळ संयोग होता. टिळकांच्या व्याख्यानात तर्काचा घण पडत असे. खापर्डे यांच्या व्याख्यानात श्रोते आधी हसत आणि मग घरी जाऊन विचार करीत.

१८९७ ची काँग्रेस अमरावतीला भरली तेव्हा स्वागताध्यक्ष खापर्डे होते आणि अध्यक्ष शंकरन नायर. त्या वर्षाचे वजन लक्षात घ्यायला हवे. पुण्यात प्लेग होता, जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली होती. काँग्रेसमधील अनेकांना तुरुंगातल्या टिळकांचे नाव उच्चारणेही धोक्याचे वाटत होते. अमरावतीच्या त्या मंडपात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी टिळकांविषयी उघड सहानुभूती व्यक्त केली. यजमान खापर्डे यांचे टिळकांशी सख्य तर पुढे आयुष्यभर टिकले. दोघे वयाने जवळपासचे. टिळकांहून खापर्डे दोन वर्षांनी मोठे. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये जोडे आणि खुर्च्या उडाल्या तेव्हाही ते टिळकांच्याच बाजूला होते.

खरी कसोटी १९०८ मध्ये लागली. जुलैत टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना मंडालेला नेण्यात आले. ऑगस्टमध्ये खापर्डे विलायतेला निघाले. हेतू दोन. प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांच्या वतीने दाद मागणे, आणि पार्लमेंटच्या सभासदांत व वृत्तपत्रांत हा अन्याय बोलता ठेवणे. दुसरा हेतू पूर्णपणे आयरिश पद्धतीचा आहे. कोर्टात हरलेला खटला लोकमतापुढे चालू ठेवायचा, ही विद्या आयरिश पुढाऱ्यांनी जगाला शिकवली होती. फरक एवढाच, की पार्नेलच्या मागे निवडून आलेले सभासद होते. खापर्डे यांच्या मागे अमरावतीतील पडीक राहिलेले वकिलीचे कार्यालय होते.

प्रिव्ही कौन्सिलने अर्ज फेटाळला. हे न्यायासन वऱ्हाडच्या माणसाला किती दूरचे आणि तरी किती अपरिहार्य होते, हे आम्हां शिरपूरकरांना वेगळे सांगायला नको. येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराचा दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमधला वाद अकोल्याहून नागपूरला आणि तेथून लंडनला गेला; १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याचा निकाल दिला. देवाच्या पूजेचा हक्क असो की पुढाऱ्याची मुक्तता, शेवटचा शब्द सहा हजार मैलांवरचा. 'होमरूल' या शब्दातला 'होम' कशाला हवा होता हे समजण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

खापर्डे लंडनमध्ये होते तेव्हा तिथे बिपिनचंद्र पाल होते, काही काळ लाला लजपतराय होते, आणि इंडिया हाऊसमध्ये सावरकरांभोवती तरुणांचे मंडळ जमलेले होते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्राने कर्झन वायलीवर गोळ्या झाडल्या. मॅझिनीची वाट आणि पार्नेलची वाट एका शहरात, एकाच काळी, समोरासमोर आल्या. पन्नाशी ओलांडलेला वऱ्हाडी वकील आणि पंचविशीतला नाशिककर तरुण हे एकाच मातृभाषेचे, एकाच गुरूला मानणारे. पण साधनांच्या प्रश्नावर दोन टोकांना उभे. मराठी कादंबरीकाराने अजून या लंडनकडे पाहिले नाही, याची खंत वाटते.

ऑक्टोबर १९१० मध्ये परतताना खापर्डे सरळ अमरावतीला आले नाहीत. ते ब्रह्मदेशात उतरले, मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटले आणि मग घरी आले. अपयशाची बातमी ज्याची त्याला स्वतःच्या तोंडाने सांगायला गेलेला हा मित्र आहे. टिळकांच्या चरित्रात ही भेट एका ओळीत आटोपते. खापर्डे यांच्या चरित्रात ती केंद्रस्थानी असायला हवी.

घरी परतल्यावर महिन्याभरातच, डिसेंबर १९१० मध्ये, ते प्रथम शिर्डीला गेले आणि आठवडाभर राहिले. पुन्हा गेले ते डिसेंबर १९११ मध्ये आणि मार्च १९१२ च्या मध्यापर्यंत तिथेच राहिले. या मुक्कामाचा अर्थ काय लावायचा यावर मतभेद आहेत. भक्तमंडळींना त्यात गुरुकृपा दिसते. राजकारणाच्या अभ्यासकांना वाटते की सरकारचा ससेमिरा चुकवण्यासाठी हा एकान्त होता. पकडले जाण्याची धास्ती त्या वर्षांत खरोखरच होती. दोन्ही मतांत तथ्य असेल. पण एक तिसरी गोष्ट दैनंदिनीच सांगते, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्याने विशेष पाहावी.

शिर्डीच्या त्या नोंदींत दिवसाचा क्रम ठरलेला आहे. पहाटेची प्रार्थना, बाबा बाहेर जाताना आणि परतताना घेतलेले दर्शन, मशिदीतील आरती, दुपारचे जेवण, थोडी विश्रांती, आणि मग वाड्यात मित्रांसमवेत ग्रंथवाचन. मुकुंदराजांचे 'परमामृत', विद्यारण्यांची 'पंचदशी', 'योगवासिष्ठ' यांचे वाचन चालू आहे. बाबांच्या गोष्टी, त्यांचा राग, त्यांची थट्टा, आल्यागेल्यांची नावे हे सारे येते. येत नाही ते राजकारण. मंडाले जवळजवळ नाही, प्रिव्ही कौन्सिल नाही. नुकताच दोन वर्षांचा लढा हरून आलेला माणूस रोज रात्री वही उघडतो आणि त्या लढ्याबद्दल काही लिहीत नाही. हे मौन कशाचे? वही पोलिसांच्या हाती पडेल या सावधगिरीचे असू शकेल. थकव्याचे असू शकेल. हेमाडपंतांनी 'साईसच्चरिता'त नेमकी हीच गोष्ट हेरली आहे. सभा गाजवणारे खापर्डे बाबांपुढे मात्र तोंड उघडीत नसत, असे ते सांगतात. भक्ताला त्यात नम्रता दिसते. इतिहासाच्या वाचकाला त्यात एका वक्त्याने घेतलेली विश्रांतीही दिसू शकते. दैनंदिनी या वाङ्मयप्रकाराची गंमतच ही, की जे लिहिले आहे त्याइतकेच जे गाळले आहे तेही बोलते.

यातला एक भाग १९२० च्या दशकात 'श्री साईलीला' मासिकात प्रसिद्ध झाला आणि पुढे पुस्तकरूपाने सर्वत्र पोहोचला. खापर्डे यांनी आयुष्याची अनेक दशके दैनंदिनी लिहिली. त्या ढिगातले चार महिने वाचकप्रिय झाले आणि बाकीची वर्षे अभिलेखागाराच्या कपाटात राहिली. विस्मृतीचे पहिले कारण इथे आहे. निवड प्रकाशकाने केली, आणि समाजाने तीच मान्य केली.

टिळक जून १९१४ मध्ये सुटून आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि टिळकांनी साम्राज्याच्या बाजूने उभे राहण्याचे जाहीर केले. जवळजवळ त्याच सुमारास आयर्लंडात पार्नेलच्या पक्षाचा वारसा चालवणारे जॉन रेडमंड हेही आपल्या लोकांना युद्धात उतरायला सांगत होते. दोघांचा हिशेब एकच होता. संकटात मदत करा आणि हक्क पदरात पाडून घ्या. आयर्लंडचा होमरूल कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये मंजूर होऊन युद्ध संपेपर्यंत स्थगित ठेवला गेला. म्हणजे रेडमंड यांच्या पदरात निदान एक कागद तरी होता. टिळकांच्या पदरात तेवढेही नव्हते.

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावच्या प्रांतिक परिषदेत टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. अध्यक्ष काका बॅप्टिस्टा, चिटणीस केळकर. खापर्डे आणि नागपूरचे डॉ. मुंजे हे वऱ्हाड आणि मध्यप्रांताकडचे आधारस्तंभ. अॅनी बेझंट यांची लीग त्याच वर्षी सप्टेंबरात निघाली. कार्यक्षेत्रांच्या वाटणीत मुंबई शहर वगळता महाराष्ट्र, कर्नाटक, मध्यप्रांत आणि वऱ्हाड टिळकांच्या लीगकडे आले. 'स्वराज्य' हा शब्द हाताशी असताना टिळकांनी परका 'होमरूल' का घेतला? कारण तो शब्द कायद्याच्या कचाट्यातून सुटलेला होता. जी मागणी ब्रिटिश पंतप्रधानाने पार्लमेंटमध्ये विधेयक म्हणून मांडली, ती हिंदी माणसाने केली तर राजद्रोह कसा होईल, असा हा पेच होता. तो उपयोगीही पडला. त्याच वर्षीच्या व्याख्यानांबद्दल टिळकांकडून मागितलेले जामीन नोव्हेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने रद्द केले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे होते.

पण बेळगावच्या त्या तारखेकडे पुन्हा एकदा पाहा. २४ एप्रिल १९१६ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, डब्लिनमध्ये मूठभर आयरिश क्रांतिकारकांनी पोस्ट ऑफिस ताब्यात घेऊन प्रजासत्ताक जाहीर केले होते. २९ तारखेला त्यांनी शरणागती पत्करली. बेळगावात आयरिश होमरूलचे नाव धारण केले जात होते त्या दिवशी डब्लिन तोफांच्या धुरात होते, आणि खुद्द आयर्लंडात होमरूल हा शब्द मरणाला टेकला होता. मे महिन्यात पुढाऱ्यांना एकामागून एक गोळ्या घातल्या गेल्या आणि आयरिश जनतेचे मन रेडमंड यांच्यापासून कायमचे उडाले. आम्ही एक शब्द उधार घेतला, तो त्याच्या घरी तिरडीवर बांधला जात असताना. हा योगायोग आहे. परंतु पुढे खापर्डे यांच्या वाट्याला जे आले त्याची सावली त्यात स्पष्ट दिसते.

पुढील तीन-चार वर्षे खापर्डे यांच्या कर्तृत्वाची शिखरवर्षे होत. वऱ्हाडच्या गावोगावी होमरूलच्या सभा झाल्या. १९१८ च्या वसंतात टिळक, खापर्डे, केळकर, करंदीकर आणि पाल यांचे शिष्टमंडळ विलायतेला जायला निघाले ते कोलंबोपर्यंत पोहोचले, आणि तेथे त्यांचे परवाने रद्द झाल्याचे कळले. त्याच वर्षी सप्टेंबरात, मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद म्हणून खापर्डे यांनी रौलट समितीच्या अहवालावरील विचार तहकूब ठेवावा असा ठराव मांडला. ठराव पडला. पण गांधींच्या सत्याग्रहाने रौलट हे नाव घराघरांत जाण्याच्या सहा महिने आधी, त्या अहवालातला धोका ओळखून सभागृहात उभा राहिलेला हा वऱ्हाडी वकील होता. मार्च १९१९ मध्ये कायदा झाला, एप्रिलमध्ये जालियनवाला बाग घडली. १९१९ मध्येच मॉन्टफर्ड सुधारणांच्या विधेयकावर साक्ष देण्यासाठी ते पुन्हा विलायतेला गेले.

१ ऑगस्ट १९२० रोजी टिळक वारले, आणि त्याच दिवशी गांधींच्या असहकाराला आरंभ झाला. त्या वर्षअखेरच्या नागपूर काँग्रेसने असहकारावर शिक्कामोर्तब केले. कायदेमंडळे, न्यायालये, सरकारी शाळा यांवर बहिष्कार टाकायचा होता. ज्या बहिष्काराचा खापर्डे यांच्या पिढीने एक हत्यार म्हणून उपयोग केला होता, तो आता संपूर्ण जीवनपद्धती होऊन त्यांच्यापुढे उभा राहिला. त्यांना तो पटला नाही. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचा, म्हणजे जितके मिळेल तितके घेऊन पुढच्यासाठी भांडण्याचा मार्ग त्यांना योग्य वाटत होता. ते काँग्रेसपासून दूर झाले आणि दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये १९२५ पर्यंत सभासद राहिले.

आता आयर्लंडकडे पाहू. मार्च १९१८ मध्ये रेडमंड वारले. डिसेंबरच्या निवडणुकीत सत्तरहून अधिक सभासदांचा त्यांचा पक्ष आयर्लंडात अवघ्या सहा जागांवर आला आणि सिन फेनने त्र्याहत्तर जिंकल्या. चाळीस वर्षे खपून बांधलेली संसदीय राजकारणाची इमारत एका हिवाळ्यात कोसळली. रेडमंड यांचा जन्म १८५६ चा, टिळकांचाही १८५६ चा, खापर्डे यांचा १८५४ चा. ही एकच पिढी आहे. कायद्याच्या चौकटीत राहून साम्राज्याला पेचात पकडता येते, अशी या पिढीची श्रद्धा होती, आणि महायुद्धाने ती श्रद्धा मोडली. टिळक योग्य वेळी गेले असे म्हणणे क्रूरपणाचे होईल. पण १९२० नंतर जगण्याचा जो दंड खापर्डे यांना भरावा लागला तो टिळकांना भरावा लागला नाही, हे खरे. मेलेल्या टिळकांना गांधीयुगाने 'लोकमान्य' म्हणून आपल्या देव्हाऱ्यात घेतले. जिवंत खापर्डे यांना त्यात जागा नव्हती, कारण ते बोलू शकत होते, विरोध करू शकत होते.

इथे तुलनेची मर्यादाही सांगितली पाहिजे. रेडमंड यांचा पराभव बंदुकीने केला, खापर्डे यांचा अहिंसेने. आयर्लंडात लढा अधिक हिंसक झाला म्हणून मवाळ मागे पडले. आपल्याकडे लढा अधिक व्यापक झाला म्हणून एकेकाळचे जहालच मागे पडले. वकील, इनामदार आणि शास्त्री यांच्या राजकारणात अचानक कुणबी, विणकर आणि स्त्रिया आल्या. खापर्डे यांच्या विनोदी, संस्कृतप्रचुर वक्तृत्वाला जो श्रोता हवा होता तो मंडपाच्या पुढच्या रांगेत बसणारा होता. मागे उभ्या असलेल्या माणसासाठी नवी भाषा लागणार होती, आणि ती त्यांच्यापाशी नव्हती. ज्याची दैनंदिनीसुद्धा इंग्रजीत आहे अशा माणसाकडून ती अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल. हे दोषारोप म्हणून म्हणायचे नाही. एका वर्गाची ती कमाल मर्यादा होती.

ही मर्यादा ओलांडता येत होती, याचे उदाहरणही वऱ्हाडातच आहे. वणीचे माधव श्रीहरी अणे हेही कट्टर टिळकभक्त, संस्कृतज्ञ आणि वकील. वयाने खापर्डे यांच्याहून सव्वीस वर्षांनी लहान. असहकाराबद्दल त्यांनाही शंका होत्याच. पण १९३० मध्ये याच अणे यांनी आपल्या शेजारच्या पुसदला १० जुलै रोजी जंगल सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. समुद्र नसलेल्या वऱ्हाडात दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मिठाचा कायदा मोडला गेला आणि पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगलाचा. ही युक्ती वऱ्हाडच्या मातीतून निघालेली होती, विलायतेतून आलेली नव्हती. गवत कापायला विळा लागतो, पंचदशी लागत नाही. अणे यांनी आपल्या गुरूच्या विचाराला नव्या काळाची जोड दिली. म्हणून ते लोकनायक झाले, पुढे बिहारचे राज्यपाल झाले. खापर्डे ज्या ठिकाणी थांबले तेथून अणे यांची वाट सुरू होते. पण वाट तिथपर्यंत कोणी आणून सोडली, हा प्रश्न अणे यांच्या गौरवग्रंथांनीही विचारायला हवा.

खापर्डे यांची शेवटची वर्षे अमरावतीत गेली. १९२८ मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. शिर्डीच्या दैनंदिनीत ज्यांची सेवा आणि श्रद्धा पुनःपुन्हा डोकावते त्या याच. १ जुलै १९३८ रोजी दादासाहेब गेले. तोवर १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते, म्हणजे कायदेमंडळांत शिरून सत्ता घेण्याचा जो मार्ग १९२० मध्ये त्याज्य ठरला होता, त्यावरूनच काँग्रेस चालू लागली होती. वऱ्हाड मात्र तेव्हाही कागदावर निजामाचेच होते. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व मान्य केले गेले आणि त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी मिळाली. होमरूलवाल्यांच्या वऱ्हाडाला युवराज मिळाला, राज्य मिळाले नाही.

दादासाहेबांचे मराठी चरित्र त्यांचे चिरंजीव बाळकृष्ण खापर्डे यांनी लिहिले. मुलाने लिहिलेल्या चरित्राचे गुण आणि उणिवा दोन्ही त्यात येणारच. त्यानंतरचे काम विद्यापीठांचे होते. मराठीच्या अभ्यासक्रमात आपण चरित्र, आत्मचरित्र आणि दैनंदिनी हे वाङ्मयप्रकार शिकवतो, पण वऱ्हाडातल्या सर्वांत दीर्घ राजकीय दैनंदिनीचा मराठी अनुवाद वर्गात ठेवू शकत नाही. आयरिश लोकांनीही रेडमंड यांना कित्येक दशके अडगळीत टाकले होते. १९१४ ते १९१८ च्या शताब्दीच्या निमित्ताने तिथे त्या पिढीकडे नव्याने पाहिले गेले, आणि हरलेल्यांचाही इतिहास असतो हे मान्य झाले. आपल्याकडे टिळकांची स्मृतिशताब्दी २०२० मध्ये होऊन गेली. मंडालेच्या दारात अपयशाची बातमी घेऊन उभा राहिलेला मित्र त्या समारंभांत फारसा कोठे दिसला नाही.

शिर्डीच्या भाविकांनी चार महिन्यांचे का होईना, खापर्डे जपले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे. उरलेली वर्षे जपणे हे वऱ्हाडचे काम आहे. निदान अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा येथील महाविद्यालयांतील एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी विषय शोधताना १९०८ ते १९१० च्या लंडनमधील नोंदी उघडाव्यात. पार्नेलचा मार्ग चोखाळणारा एक वऱ्हाडी माणूस, त्याच्या मागे एकही मतदार नसताना, साम्राज्याच्या राजधानीत दोन वर्षे रोज सकाळी कोणत्या दारावर थाप मारायला निघत होता, हे त्या वह्यांतूनच कळेल.